वासोट्याच्या ट्रेकला दोन स्टार: आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री सुनेनं वाचून दाखवला. आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग परत एकदा वाचायला लावला. मी सांगतेय आणि तीच टाईप करतेय, त्यामुळं काही ठिकाणी तिनं माझी भाषा सौम्य केली असेल.

बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. ताई आणि दादा लग्नाच्या वाढदिवसाला दोन्ही मुलांना पुण्यात आजीकडं ठेवून वासोटा चढायला आमच्याकडं मुक्कामाला आले होते. त्यांचं म्हणणं असं: नागेश्वर, म्हणजे वासोट्याजवळचा गुहा असलेला सुळका, कबूल करून दाखवला नाही, दोघांकडून अख्ख्या बोटीचे पैसे घेतले, घरात रेंज नाही हे आधी सांगितलं नाही, जेवण तिखट होतं, आणि मालकीण मुलांवरून सारखं खोदून विचारते.

नागेश्वरचं आधी. वासोटा म्हणजे पायथ्याला गाडी लावली आणि निघालो वर, असा गड नाही. मध्ये कोयनेचं पाणी, पलीकडं अभयारण्य, आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. बोट मिळवा, वन खात्याची परवानगी काढा, पलीकडं मेट इंदवलीला उतरलं की चौकीवर पिशव्या उघडून प्लास्टिक मोजून द्या, मग चढण सुरू. वर मुक्कामाला बंदी आहे आणि दिवस मावळायच्या आत परत यावंच लागतं. त्या शनिवारी तुमची बोट साडेनऊला सुटली. पलीकडं पोचून चौकीतून सुटायलाच अकरा वाजून गेले. वर मारुतीच्या देवळापाशी गेलात तेव्हा पावणेदोन झाले होते. तिथून नागेश्वरची गुहा करून खाली यायचं तर अंधार पक्का. त्या रानात गवे आहेत, अस्वलं आहेत. माझ्या पुतण्यानं तुम्हाला गडाच्या माचीवर नेलं, तिथून नागेश्वरचा सुळका हातानं दाखवला आणि परत फिरवलं. त्यानं केलं ते बरोबर केलं, उद्याही तो तेच करील. पायात दम असून मागं फिरायचं जिवावर येतं, ते मला कळतं. लोक त्याच्यावर चिडतात, तो ऐकून घेतो.

पण बोट साडेनऊला का सुटली, तिथं चूक आमची. सुट्टीच्या दिवशी बामणोलीत, बोटी सुटतात तिथं, काय गर्दी असते हे आम्हाला ठाऊक असताना मी तुम्हाला ‘आठपर्यंत आवरा’ म्हटलं. सहाला उठवायला हवं होतं. दादा दमून आलेत, झोपू दे, असा विचार केला आणि तो अंगाशी आला. नागेश्वरसाठी वाटाड्याचे जे जादा पैसे घेतले होते ते काल दादांच्या नंबरवर परत पाठवलेत, बघून घ्या.

बोटीचे पैसे मात्र परत नाहीत, कारण ते आमच्याकडं आलेलेच नाहीत. दर अख्ख्या बोटीचा असतो. दोघं बसा नाहीतर आठ बसा. माझ्या सासऱ्यांचं शेत त्याच पाण्याखाली गेलंय, कोयनेचं धरण झालं तेव्हा, पण म्हणून बोटीचा दर ठरवायचा मान काही आम्हाला मिळालेला नाही. दोघंच येणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन केला तर दुसरी चार माणसं बघून बोट वाटून घेता येते. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, तेही खरं.

तिखटाबद्दल काय बोलणार. ठेचा वेगळ्या वाटीत होता आणि दादांनी तो दोनदा मागून घेतला. आमटी आता विचारून करीन.

रेंजची गोष्ट मला जास्त लागली. आमच्या वाडीत फोन लागत नाही, वरच्या देवळाच्या पारावर गेलं तर एका कंपनीचा लागतो. आम्हाला त्याची इतकी सवय झालीय की सांगायचं सुचतच नाही. तुम्ही रात्री नऊला पारावर उभं राहून फोन वर धरत होता, दादा बॅटरी धरून. आमचे हे काठी घेऊन सोबत आले होते, कारण आठवडाभर तिकडं गवा फिरत होता. लहान मुलाचा ताप उतरला का एवढंच तुम्हाला विचारायचं होतं आणि ‘हॅलो हॅलो’च्या पुढं काही जाईना. यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते, तव्यावरची करपली. मला आधी माहीत असतं तर दुपारीच मोटारसायकलवरून तुम्हाला बामणोलीत फोन करायला पाठवलं असतं. आता आमच्या माहितीत पहिल्याच ओळीत रेंजचं लिहिलंय, आणि बुकिंगच्या फोनवरही सांगतो. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं मागं ठेवून येणाऱ्यांना बामणोलीतल्या ओळखीच्या दुकानाचा नंबर देतो. निरोप आला की पोरगा पळत येतो.

आता शेवटचं. ‘पोरं कुणाकडं ठेवली?’ हे मी तुम्हाला चहाला विचारलं, जेवताना विचारलं, आणि सकाळी डबा बांधताना परत विचारलं, ‘राहतात का हो तुमच्याशिवाय?’ माझ्या मनात काही वाईट नव्हतं, असं लिही म्हणून मी सुनेला सांगितलं. तिनं टाईप करायचं थांबवलं आणि म्हणाली, ‘आत्या, दादांना काय विचारलंत तुम्ही?’ आठवून बघितलं. दादांना मी विचारलं होतं, कुठल्या कंपनीत आहात, गाडी किती ॲव्हरेज देते. पोरं त्यांचीही होतीच की. ते मात्र माझ्या तोंडून एकदाही आलं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून वासोटा रोज अंगणातून बघते. वर पहिल्यांदा गेले ते बेचाळिसाव्या वर्षी, पोरगी नांदायला गेल्यावर. त्याआधी कुणी नको म्हटलं नव्हतं, पण आपणहून जाईन असं माझ्याही डोक्यात आलं नाही. तुम्ही पस्तिशीत गेलात आणि तापाची काळजी मनात घेऊन गेलात. मी माझ्या वेळचं माप तुम्हाला लावलं. चुकलं माझं, माफ करा.

दोन स्टारचे तीन करा असं म्हणणार नाही. परत यायचं मनात आलं तर दिवाळीनंतर या. पावसाळ्यात बोटी बंद असतात, आणि पाऊस सरता सरता रानात जळवा असतात. नागेश्वर करायचा असेल तर आदल्या रात्री लवकर झोपायचं, पाचला मी दार वाजवीन.

आणि हो, पलंगाच्या उशाला एक निळी कानटोपी राहिलीय, लहान मापाची. धुऊन ठेवलीय. पत्ता सुनेच्या व्हॉट्सॲपवर टाका, साताऱ्याला कुणी निघालं की कुरियर करते.