प्लॉटिंगमध्ये करिअर करायचंय? आधी घरपट्टी गोळा करा

हल्ली जो तो विचारतो, जमिनीत पैसा टाकायचाय, कुठे टाकू? अहो प्रश्नच चुकतोय तुमचा. जमीन कुठे आहे ते बघत बसू नका, रेल्वे कुठून न्यायची हे ठरवणारा माणूस कोण आहे ते बघा, आणि तो माणूस तुम्ही स्वतःच असलात तर सोन्याहून पिवळं. विश्वास बसत नसेल तर ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या सर थॉमस बेंट यांचं चरित्र डोळ्यांपुढे ठेवा.

त्याआधी, धंदा कसा करू नये तेही बघून घ्या. मेलबर्नच्या दक्षिणेला ब्रायटन नावाचं उपनगर आहे. जमीन मुळात तिथल्या मूळ रहिवासी बूनवुरुंग लोकांची, पण त्यांना कोण विचारतंय, ब्रिटिश सरकारने 1841 मध्ये तिथली 5120 एकर हेन्री डेंडी नावाच्या इंग्रज गृहस्थाला एकरी 1 पाउंड भावाने देऊन टाकली. डेंडीने ती न बघताच घेतली होती. पुढे मंदी आली, हातातलं सगळं गेलं आणि बिचारा गरिबीत वारला. का? कारण इलेक्शनला उभा राहिला नाही! नुसते प्लॉट पाडून विकत बसला, कसं व्हायचं मग.

आता बेंट बघा. जन्म 1838, घरची भाजीपाल्याची बाग, शिक्षण यथातथा. 1861 मध्ये ब्रायटनला घरपट्टी वसूल करायची नोकरी मिळाली. तुम्ही म्हणाल, ही काय नोकरी, लोक शिव्या घालणार. तिथेच तर तुम्ही मागे पडता. घरपट्टीवाल्याला कुठला प्लॉट कोणाचा, कोणाची थकबाकी किती, कोणाच्या भावाभावांत पटत नाही, हे सगळं दारोदार फिरून फुकटात कळतं आणि वर पगार मिळतो. मग शेजारच्या मुरॅबिनच्या स्थानिक बोर्डावर जायचं, मग आमदारकी. 1871 मध्ये बेंटने ब्रायटनमधून जॉर्ज हिगिनबॉथमला पाडलं. हिगिनबॉथम म्हणजे माजी अॅटर्नी जनरल, तत्त्वाचा माणूस, पुढे व्हिक्टोरियाचा (म्हणजे मेलबर्न ज्या वसाहतीत येतं तिचा) सरन्यायाधीश झाला. असल्या माणसासमोर घाबरायचं नाही, तो तत्त्वावर भाषण देतो तोवर आपण रस्त्याची खडी कधी पडणार ते सांगायचं.

1881 मध्ये साहेब रेल्वेमंत्री झाले. इथे जरा सावकाश वाचा, खरी मलई इथे आहे. प्रत्येक आमदाराला आपल्या गावात लाइन हवी असते, त्यामुळे कोणालाच नाही म्हणायचं नाही, सगळ्यांना लाइन, आणि जिथून लाइन जाणार तिथल्या जमिनीचा भाव दुसऱ्या दिवशी काय होतो हे मी सांगायला नको. रेल्वे मंत्र्यांच्या हातात ठेवणं बरं नाही असं शेवटी सरकारलाच वाटलं आणि 1883 मध्ये स्वतंत्र कमिशनर नेमायचा कायदा झाला. तेवढ्यानं खचून जायचं नसतं. 1884 मध्ये जो रेल्वे कायदा झाला त्यात डझनावारी लाइनी होत्या, लोक त्याला ऑक्टोपस म्हणायचे. 1887 मध्ये ब्रायटनची लाइन पुढे सँडरिंगहॅमपर्यंत गेली, आणि बेंट तोवर लँड कंपनी वगैरे काढून त्याच भागात जमिनीच्या व्यवहारात मुरलेला.

विक्री कशी करायची हे तर प्रत्येक बिल्डरने शिकावं. लिलावाच्या दिवशी मेलबर्नहून रेल्वेचं तिकीट फुकट, माळावर तंबू ठोकलेला, झेंडे लावलेले, बँड वाजतोय, आत जेवण आणि शॅम्पेन, तेही फुकट. दोन ग्लास पोटात गेले की समोरचं वाळूचं काटेरी रान कोणालाही बंगल्यांची कॉलनी दिसतं, आणि नाहीतरी पैसे हप्त्यानेच द्यायचे होते, उद्या दुसरा येईल त्याला चढ्या भावाने द्यायचं, तो तिसऱ्याला देईल.

दारू चालत नाही म्हणता? काही हरकत नाही. व्हिक्टोरियाचे एक पंतप्रधान (तिकडे वसाहतीच्या मुख्य मंत्र्यालाही पंतप्रधानच म्हणत) जेम्स मन्रो दारूबंदीचे कट्टर पुढारी होते, ग्रँड हॉटेल विकत घेऊन त्याचं दारूचं लायसन्स चक्क जाळून टाकलं होतं. इतका सोवळा माणूस म्हटल्यावर त्याच्या बँकेत पैसे ठेवायला लोकांना का भीती वाटेल? 1891 च्या डिसेंबरमध्ये, त्यांच्याच सरकारच्या काळात, कायदा झाला की एक तृतीयांश धनको एकत्र आल्याशिवाय कंपनी सक्तीने बंद करता येणार नाही, म्हणजे एकट्यादुकट्या ठेवीदाराची कटकट मिटली. लगेच दोन महिन्यांनी मन्रोसाहेब व्हिक्टोरियाचे एजंट जनरल, म्हणजे वसाहतीचे सरकारी प्रतिनिधी, म्हणून लंडनला रवाना! बेंजामिन फिंक नावाचे आमदार तर त्याहून हुशार. 15 लाख पाउंडांच्या वर देणं, आणि परत किती केलं तर एका पाउंडामागे अर्धा पेनी, म्हणजे 480 रुपये देणं असेल तर एक रुपया टेकवून मोकळे.

जमिनीचे भाव कोसळले आणि 1893 मध्ये बँकांनी पटापट दारं लावली, ज्यांनी आयुष्यभराची बचत ठेवली होती ते फुटपाथवर आले. बेंटचाही फुगा फुटला. पण त्या सगळ्या काळात तो कुठे होता माहितीये का, 1892 पासून विधानसभेचा स्पीकर होता, गाऊन घालून सगळ्यांना शिस्त शिकवत होता. 1894 ला मतदारांनी घरी बसवलं, तेव्हा पोर्ट फेरीला जाऊन गाईगुरं पाळली. तुम्हीही पडलात तर गाई पाळा. लोकांच्या रागाची मुदत साधारण 6 वर्षं धरा, कारण 1900 मध्ये त्याच ब्रायटनने त्याच बेंटला पुन्हा निवडून दिलं.

आणि 1904 मध्ये पंतप्रधान! खजिनाही स्वतःकडेच, दुसऱ्यावर कोण विश्वास ठेवणार. 1906 मध्ये सेंट किल्डा ते ब्रायटन इलेक्ट्रिक ट्राम सुरू झाली, ती ट्राम कंपनीने नाही, रेल्वे खात्याने बांधली. साहेबांच्या जमिनींचं भलं व्हावं म्हणून, असं लोक म्हणायचे. लोक काय, काहीही म्हणतात. बायकांच्या मताधिकाराला वर्षानुवर्षं विरोध केला आणि 1908 मध्ये आपल्याच सरकारकडून तो देऊनही टाकला, त्याच वर्षी सर ही पदवी. 1909 च्या जानेवारीत खुर्ची गेली, सप्टेंबरात वारले. शेजारच्या उपनगराचं नाव आजही बेंटली आहे, आणि पुतळा ब्रायटनला नेपियन हायवेवर बे स्ट्रीटच्या कोपऱ्याशी. तुमच्या पुतळ्याचीही जागा आत्ताच बघून ठेवा, कॉर्नरचाच प्लॉट मागा, रेट जास्त असतो त्याला.