पासवर्ड गटावर टाकू नका

दरवर्षी गणेशोत्सवाच्या आधी वडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या फेसबुक आणि इन्स्टाग्राम खात्यांची तपासणी माझ्याकडे येते, आणि दरवर्षी तिची सुरुवात त्याच संतापजनक प्रकाराने होते: खात्यांत कोणाकोणाला प्रवेश आहे याची यादी मी मागतो, आणि उत्तरादाखल कोणीतरी शंभरावर सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सरळ पासवर्डच टाकून मोकळे होते. फेसबुक पानासाठी तो मला लागतच नाही! तिथे प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या खात्यातून मर्यादित अधिकार देता येतात आणि काम संपताच ते काढूनही घेता येतात, हे मी किती वेळा सांगितले असेल.

यंदा तीन माजी पदाधिकाऱ्यांचे पूर्ण अधिकार शाबूत होते, ओटीपी ४ वर्षांपूर्वी पुण्याला गेलेल्या एका काकांच्या मोबाइलवर जात होता, आणि जुन्या स्पर्धेसाठी जोडलेले एक परके अ‍ॅपही तसेच होते. दांडिया बाजारातल्या कार्यालयाची किल्ली आम्ही नोंदवहीत सही घेतल्याशिवाय कोणाला देत नाही; मग ज्या पानावर देणगीचा क्यूआर कोड झळकतो, त्याची किल्ली अशी उघड्यावर का? उद्या कोणी तो कोड बदलला, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करता येईल, पण आत कोण शिरले हे सांगता येणार नाही, कारण हा पासवर्ड वापरणारे सगळे एकाच नावाने शिरतात.

पासवर्ड मी त्याच रात्री बदलला, सर्व उपकरणे लॉगआउट केली, लॉगिनचा कोड फोनवरच तयार करणारे ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोडले. सकाळी दोघांनी नवा पासवर्ड गटावरच मागितला.