आधी फी भरा, मग भूतकाळ आठवा

सगळ्यात आधी फी भरून टाका. पूर्ण, एकरकमी, जमल्यास उसने घेऊन. ट्रक चालवायला शिकवणाऱ्या संस्थेतल्या माणसाने तुम्हाला खुर्ची दिली, पाणी विचारलं, दोनदा 'साहेब' म्हटलं. तुरुंगातून सुटल्यापासून इतक्या अदबीने तुमच्याशी कोण बोललं होतं? अशा भल्या माणसाला "माझ्या नावावर गुन्हा आहे, शिकून झाल्यावर कोणी कामावर घेईल का?" असलं काहीतरी विचारून त्याचा दिवस खराब करू नका. विचारलंत तरी तो म्हणेल, "काही प्रॉब्लेम नाही." आणि खरंच, त्याला काही प्रॉब्लेम नसतो. फी घ्यायला समोरच्याचा चारित्र्याचा दाखला लागत नाही. प्रॉब्लेम सुरू होतो तो परवाना हातात आल्यावर, आणि तोवर तुमचा-त्याचा हिशेब मिटलेला असतो.

काही लोक हे उलटं करतात. नाव नोंदवण्याआधीच चार-सहा मालवाहतूक कंपन्यांना फोन लावतात. गुन्हा कोणता, कोणत्या साली, शिक्षा किती झाली, सुटका कधी झाली, हे सगळं सांगून "अशा माणसाला तुम्ही घेता का?" असं विचारतात. जिथून होकार येतो तिथे कोण बोललं आणि कोणत्या तारखेला, हे वहीत लिहून ठेवतात आणि मग फी भरतात. या लोकांच्या अंगात साहस म्हणून नसतं. तुमच्या अंगात ते आहे, हे तुमच्या रेकॉर्डवरून दिसतंच आहे.

आता नोकरीचा अर्ज. त्यात कुठेतरी एक प्रश्न असतो, 'तुम्हाला न्यायालयाने कधी दोषी ठरवलं आहे का?', आणि त्यापुढे दोन चौकटी. एका माणसाला या चौकटींपाशी अडकलेलं मी पाहिलं आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख त्याने झरझर लिहिली. इथे आल्यावर मात्र पेनचं टोक कागदावर टेकवून तो इतका वेळ बसला की शाई पसरून 'हो' आणि 'नाही'च्या मधोमध काळा वाटाण्याएवढा डाग पडला. शेवटी त्याने 'नाही'वर खूण केली. पडताळणी झाली आणि नकार आला. गुन्ह्यामुळे नव्हे, तो बराच जुना होता आणि त्या कंपनीला चालण्यासारखा होता. नकार आला तो अर्जात खोटं लिहिल्याबद्दल. तेव्हा तुम्हीही बेधडक 'नाही' लिहा. जुना गुन्हा सिद्ध करायला पोलीस लागले, साक्षीदार लागले, वकील लागले. हा नवा पुरावा तुम्ही एकट्याने, स्वतःच्या सहीनिशी, पाच मिनिटांत तयार करू शकता.

प्रश्न नीट वाचायची तर गरजच नाही. 'अटक झाली होती का' आणि 'दोषी ठरलात का' हे एकच. 'गेल्या सात वर्षांत' आणि 'आजवर कधीही' हेही एकच. ब्रिटनमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे की ठरावीक काळ माणूस सरळ राहिला की बऱ्याच शिक्षा सरलेल्या धरल्या जातात आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी त्या सांगाव्या लागत नाहीत. अमेरिकेत हवाई राज्याने १९९८ मध्ये ही चौकट पहिल्या अर्जातून काढायला लावली, पुढे इतर अनेक राज्यांनी तसंच केलं. आपण जिथे अर्ज करतोय तिथला नियम काय, हे शोधत बसलात तर विनाकारण एखादा हक्क सापडायचा. अमेरिकेतच आणखी एक पद्धत आहे. पार्श्वभूमीच्या अहवालावरून कोणाला नाकारायचं असेल, तर कंपनीला त्या अहवालाची प्रत आधी उमेदवाराला द्यावी लागते. ती हातात आली तरी वाचू नका. तुमच्याच नावाच्या दुसऱ्या एखाद्या गृहस्थाची घरफोडी तुमच्या खात्यावर चढलेली असली, तर असू द्या. तुमच्या दोन, त्याची एक, इतक्या बारकाईने कोण मोजतं!

यापुढचा सल्ला जरा नाजूक आहे. तुमचा गुन्हा दारू पिऊन गाडी चालवण्याचा असेल, तर तो गुन्ह्यात धरूच नका. समाज तुमच्या बाजूने आहे. चोरीत शिक्षा झाली म्हटलं की शेजारी पोरांना आत बोलावतात, आणि प्यायलेल्या अवस्थेत पकडलं म्हटलं की तेच शेजारी "अहो, नशीब खराब तुमचं" असं म्हणत पाठीवर हात ठेवतात. घोळ असा आहे की ट्रकच्या कायद्याने शेजाऱ्यांना विचारलेलं नाही. अमेरिकेतला नियम बघा. केवळ चोरीची शिक्षा झाली म्हणून तिथे अवजड वाहनाचा परवाना जन्मभरासाठी बंद होत नाही. पण परवानाधारक पिऊन चालवताना सापडला तर पहिल्या वेळी एक वर्ष घरी. ट्रकमध्ये धोकादायक रसायनं असतील तर तीन वर्षं. दुसऱ्यांदा सापडला तर आजन्म, आणि त्यात दया झालीच तर दहा वर्षांनंतर. शिवाय हे ट्रकमध्येच घडायला पाहिजे असं नाही, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या मोटारीत घडलं तरी तेवढंच मोजतात. ट्रक चालवताना रक्तात मद्याचं प्रमाण ०.०४ टक्के झालं की झालं, म्हणजे बहुतेक राज्यांत मोटारवाल्याला जी मर्यादा आहे तिच्या निम्मं. गाडीचाच वापर करून अमली पदार्थांचा धंदा केला असेल, किंवा ट्रकमधून माणसांची तस्करी, तर दहा वर्षांनंतरची ती फटदेखील बंद.

म्हणजे ज्याने दुकानातून रेडिओ उचलला तो ट्रक चालवू शकतो आणि ज्याने फक्त दोनदा 'थोडीशी' घेतली तो नाही. किती हा अन्याय! चाळीस टनांचं धूड आणि थोडीशी यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. मी विचारलेलंही नाही.

मात्र रेडिओवाल्याने फार खूश होऊ नये. परवाना सरकार देतं, नोकरी कंपनी देते, आणि कंपनीच्या मागे विमावाला उभा असतो. तो तुम्हाला कधीही दिसणार नाही, फोनवर येणार नाही, पण "आमचा विचार होता हो, इन्शुरन्सवाले ऐकत नाहीत" या वाक्यात तो तुम्हाला भेटेल. त्यातून पार पडलात तर मालाचा प्रश्न. धोकादायक माल न्यायचा किंवा बंदराच्या सुरक्षित भागात जायचं तर अमेरिकेत वेगळी सुरक्षा तपासणी असते. ठरावीक गंभीर गुन्ह्यांसाठी तिथे दोषी ठरल्यापासून सात वर्षं आणि सुटल्यापासून पाच वर्षं दार बंद, खून किंवा देशद्रोहासारख्या गुन्ह्यांना कायमचं. तेव्हा नोकरीच्या पहिल्याच दिवशी बंदराची खेप मागून घ्या. फाटकावरच्या माणसालाही विरंगुळा हवा.

पॅरोलवर, म्हणजे शिक्षा संपायच्या आधी अटींवर सुटलेले असाल तर आणखी मजा. देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला आधी काही सांगू नका, आनंदाचा धक्का द्या. रात्री आठच्या आत घरात असण्याची अट आहे, परवानगीशिवाय हद्द ओलांडायची नाही, पायात इलेक्ट्रॉनिक कडं आहे, आणि तुम्ही पाचशे किलोमीटरवरून फोन करून म्हणताय, "साहेब, मला नोकरी लागली!" ते भावुक होतील. नाहीतर काही नेभळट लोक आधी जाऊन भेटतात, प्रवासाची लेखी परवानगी मिळेल का विचारतात, आणि मिळत नसेल तर पहिलं वर्ष रोज संध्याकाळी परत येणाऱ्या जवळच्या फेऱ्यांवर काढतात. आंतरराष्ट्रीय सीमेचंही तसंच. कॅनडात पिऊन गाडी चालवणं २०१८ च्या अखेरीपासून गंभीर गुन्ह्यांत मोडतं आणि त्यावरून परदेशी चालकाला नाक्यावरून परत पाठवता येतं. माल पुढे जाईल की नाही, याची काळजी तुम्ही कशाला करताय?

आता प्रत्यक्ष मैदानात. इथे तुमचा भूतकाळ कामाला येणार नाही, वाईट वाटून घेऊ नका. ट्रेलर मागे घेताना तो डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं असतं. थोडं फिरवलं की आधी काहीच होत नाही, म्हणून शिकाऊ माणूस आणखी फिरवतो, आणि मग जे व्हायचं ते सगळं एकदम होतं. पुढचं इंजिनाचं धड आणि मागचा ट्रेलर चाकूच्या पात्यासारखे मिटायला लागतात. शंका आली की थांबून, खाली उतरून, मागे जाऊन बघावं असं शिकवतात. तुम्ही उतरू नका, लोक बघतात. माझ्यासमोर निष्कलंक चारित्र्याच्या एका पोराने एका दुपारी वाट आखायला ठेवलेले चार शंकू ओळीने पाडले. शंकूंना चारित्र्यातलं काही कळत नाही.

एअर ब्रेकचा धडा मात्र मन लावून ऐका. मोठ्या ट्रकचा पार्किंग ब्रेक हवेने लागत नाही, हवेने सुटतो. आत एक दणकट स्प्रिंग असते, ती आपली ब्रेक आवळूनच बसलेली. टाकीतल्या हवेचा दाब तिला मागे रेटून धरतो तेव्हा चाकं मोकळी होतात. गळती होऊन हवा गेली की स्प्रिंग पुन्हा ब्रेक आवळते आणि गाडी जागच्या जागी थांबते. माणसाचंही यंत्र साधारण असंच आहे, डोक्यात हवा भरली की ब्रेक सुटतात. फरक इतकाच की ट्रकमध्ये दाब फार खाली जायला लागला की बझर वाजतो.

मुलाखतीला गेलात की खूप बोला. खटला कसा खोटा होता, वकील कसा विकला गेला, मित्राने कसा दगा दिला, हे पहिल्या न्यायाधीशापासून सुरू करा. समोरच्याला तीन वाक्यं हवी असतात: काय केलं, काय शिक्षा झाली, त्यानंतर काय करताय. पण तीन वाक्यांत तुमच्यावरचा अन्याय मावणार कसा? शेवटी 'मागचं बघायचा आरसा छोटा असतो, पुढची काच मोठी असते' हे भूतकाळाबद्दलचं प्रसिद्ध वाक्यही टाका. भरती करणाऱ्या माणसाने ते त्या सकाळी फक्त दोनदाच ऐकलेलं असेल.

एक गोष्ट मात्र सांगू नका, कारण ती तुमच्या बाजूची आहे. वाहतूकदारांच्या संघटना वर्षानुवर्षं रडत असतात की चालक मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत. का टिकत नाहीत? घरापासून लांब राहावं लागतं. मिळेल ते खावं लागतं. जागा अरुंद. समोर कॅमेरा. प्रत्येक मिनिटाची नोंद, युरोपात टॅकोग्राफवर, अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक लॉगमध्ये. युरोपात साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं थांबायचंच, अमेरिकेत अकरा तास चालवलं की पुढे सलग दहा तास विश्रांती. कधी उठायचं, कधी थांबायचं, हे दुसऱ्या कोणीतरी ठरवून दिलेलं. इतर शिकाऊंना याची सवय लागायला वर्ष जातं आणि मधेच ते पळ काढतात. तुम्ही हे सगळं करून, वर चांगल्या वर्तणुकीची सूट मिळवून आला आहात. अनुभवाचा रकाना कोरा सोडून या.

आणि एवढं सगळं ऐकूनही तुम्हाला काम मिळालंच, तर पहिल्या रात्री गाडी बाजूला लावल्यावर सीटच्या मागचा पडदा सारा. बिछाना हातभर रुंदीचा असेल, वर हात नेला तर छत लागेल. लांबी-रुंदी मोजू नका, कोठडी मोठी होती हे तुम्हालाही माहीत आहे. झोपण्यापूर्वी दाराची कडी तेवढी बघून घ्या. ती आतल्या बाजूला असते. दोनदा उठून बघितलीत तरी चालेल, लॉगमध्ये त्याची नोंद होत नाही.