एकाच गल्लीतले दोन कारखाने : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली, म्हणून उत्तराला आठवडा लागला.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एकाच गल्लीत दोन कारखाने. वीज तीच, मंदी तीच, गिऱ्हाईकही तेच. एक बंद पडला, दुसऱ्याने शेजारी आणखी एक शेड टाकली. तेव्हा ‘संस्थेला परिस्थिती मारते’ हे माझं वाक्य म्हणजे नालायक मालकांना दिलेलं प्रशस्तिपत्रक, आणि सायबरनेटिक्स, म्हणजे फीडबॅक आणि नियंत्रणाची विद्या, हा त्यावरचा मुलामा. जाता जाता, चिलीत सरकारी कारखाने सायबरनेटिक्सने चालवायची यंत्रणाही फसलीच, हा टोमणाही मारलात.

वाक्य ढिलं होतं, मागे घेतो. पण ‘परिस्थिती तीच’ हेही तितकंच ढिलं आहे. बंद पडलेल्या त्या कारखान्यात मी क्वालिटीला होतो.

आमच्याकडे बुश, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या, व्हायचे. भोकात घालून माप तपासायची दांडी, म्हणजे प्लग गेज, झिजून बारीक झाला होता, त्यामुळे लहान भोकाचे जॉबही आम्ही ‘ओके’ करून पाठवत होतो. गिऱ्हाईकाच्या इनवर्डला, म्हणजे आलेला माल तपासून घेतात तिथे, ते पकडले जायचे. मग रिजेक्शनची चिठ्ठी त्यांच्या स्टोअरमधून अकाउंटला, आणि तिथून बिलातल्या कपातीसोबत आमच्याकडे. तीन आठवडे. तोवर आणखी चार लॉट त्याच गेजने पास होऊन टेम्पोत चढलेले. गंमत पुढेच आहे. मधल्या काळात कुणीतरी गेज गुपचूप बदलला होता आणि माल सुधारलाही होता. मालकांनी चिठ्ठी वाचली, मशीनवर येऊन सेटिंग बदलायला लावलं, आणि भोकं मोठी यायला लागली. त्याची चिठ्ठी पुन्हा तीन आठवड्यांनी.

शेजारच्यांचा एक पोरगा दर गुरुवारी मोटरसायकलवर त्याच इनवर्डला जाऊन बसायचा. चहा पाजायचा, रिजेक्ट पडलेला जॉब खिशात घालायचा आणि संध्याकाळी ऑपरेटरच्या हातात ठेवायचा. आम्ही त्याला हसायचो. गिऱ्हाईक एकच होतं, पण शेजाऱ्यांपासून सात दिवसांवर आणि आमच्यापासून एकवीस.

गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरने १९४८ साली सायबरनेटिक्स या विद्येला नाव दिलं ते सुकाणू धरणाऱ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून. उशिरा आलेला फीडबॅक नौका सरळ करत नाही, उलट हेलकावे वाढवतो, हा त्यातला अगदी प्राथमिक धडा. आम्ही ते भोकांवर शिकलो.

तुम्ही म्हणाल, पोरगा पाठवणं हीच तर मालकाची अक्कल! हो, तेवढं तुमचं. पण आमचे मालक आळशीही नव्हते आणि मूर्खही. सकाळी सातला हजर. वीज गेली, ऑपरेटर गावाला गेला, कच्च्या मालाचा बार वेळेवर आला नाही, बँकेचा फोन आला, सगळं त्यांच्याच टेबलावर. आणि उपाय दोनच : ओव्हरटाइम आणि ओरडणं. याच विद्येतल्या रॉस ॲशबीचा नियम असा की बाहेरून येणाऱ्या अडचणी जितक्या तऱ्हेच्या, तितक्या तऱ्हेची उत्तरं आत हवीत. एका माणसाच्या टेबलावर ती मावत नाहीत, मग तो कितीही सज्जन असो. यात स्वभावापेक्षा मोजणीचा भाग जास्त आहे, आणि तुमच्यासारख्या हिशेबनिसाला ते पटावं.

आणि काही वेळा अक्कल असूनही भागत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली. उन्हाळ कांदा असता तर चाळीत ठेवून चार महिने वाट पाहता आली असती. वाट पाहणं हेही एक उत्तरच असतं. पण डिसेंबरात बाजारात असतो तो लाल, आणि लाल टिकत नाही. लासलगावला ट्रॅक्टर लावून उभ्या असलेल्या शेतकऱ्याचं नियोजन त्या दिवशी कुणी तपासायचं? ४ मे २०२४ ला बंदी उठली तेव्हा तो लाल कांदा केव्हाच संपला होता. हॅनन आणि फ्रीमन या समाजशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये म्हटलं की संस्था स्वतः बदलण्यापेक्षा परिस्थितीकडून निवडल्या किंवा गाळल्या जास्त जातात. मला ते अर्धंच पटतं, पण पटणारा अर्धा भाग हा आहे.

चिलीबद्दल. स्टॅफर्ड बीअर या ब्रिटिश सायबरनेटिक्सवाल्याने आखलेली ती यंत्रणा ‘फसली’ म्हणताना ऑक्टोबर १९७२ विसरू नका. ट्रकमालकांच्या संपात तिच्या टेलेक्सच्या (तारेवरून छापील निरोप पाठवणाऱ्या यंत्रांच्या) जाळ्यावरूनच सरकारला कळत होतं की माल कुठे अडलाय आणि कुठला ट्रक मोकळा आहे. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने सत्ता घेतली. रणगाड्याला उत्तर टेलेक्समध्ये नसतं, तसं ते कुठल्या ताळेबंदातही नसतं.

तुमचा शेवटचा प्रश्न होता : हे सगळं हिशेबात कुठे दिसतं? ताळेबंदात नाही दिसत, तो वर्षातून एकदा येतो. पुढच्या ऑडिटला रिजेक्शनची फाइल मागवा. चिठ्ठीवरची तारीख आणि तिच्याखाली काय केलं त्याची तारीख, एवढंच बघा. आमच्या फाइलमध्ये दुसरी तारीख बहुतेक पानांवर कोरीच होती. त्या रकान्यात सही करायची होती ती मीच.