राजीनाम्यावर सही करण्याआधी हे बघा

कंपनी आणि कामगार यांच्यात करार करून नोकरी सोडण्यावरच्या एका लेखात लिहिलंय की अशी दोघांच्या संमतीने नोकरी सुटली तर ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून तीन महिने अर्धा पगार मिळतो, पण ते इतकं सरळ नाही हो. नियमात स्पष्ट आहे, गैरवर्तनामुळे काढलं, वयोमानाने निवृत्त झालात किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली तर मदत नाही. आणि आपल्याकडे गोव्यात वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत एचआरवाले काय करतात, माणसाला केबिनमध्ये बोलावून म्हणतात राजीनामा लिहून दे, तुझं रेकॉर्ड चांगलं राहील, आणि बिचारा घाबरून स्वतःच्या हाताने 'वैयक्तिक कारण' लिहून देतो मग पुढे भांडायला कागदच राहत नाही. माझ्या भावाच्या बाबतीत हेच झालं, फार चीड येते.

त्यामुळे काम कमी झाल्यामुळे कंपनीच्या सांगण्यावरून नोकरी संपतेय हे नोकरी सोडण्याच्या करारात लिहून घ्याच. कंपनीने कामगार कपात केली तर दर वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराची भरपाई कायद्याने मिळते, राजीनाम्यात ती जाते. पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी मिळते, ती सोडू नका. सहीसाठी दोन दिवस मागा आणि पणजीला पाटोवर श्रम शक्ती भवनात लेबर कमिशनरच्या ऑफिसात कागद दाखवून या.