५७० कुटुंबं आणि सुरत-भुसावळ पॅसेंजर

बारावीपर्यंत मराठी माध्यम आणि बी.एस्सी.ला एकदम इंग्रजी पुस्तकं, ही उडी आमच्या खानदेशातल्या कित्येक पोरांना मारावी लागते. खाली काय आहे ते कुणी सांगत नाही. खाली शब्द असतात.

विषय कळतो हो. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे, हे अमळनेरात जितकं खरं तितकंच इंग्लंडात. बेडूक अडत नाही, हृदयही अडत नाही. अडतात ते मधले लोक: कॉन्स्टिट्यूट, डिराइव्ह, व्हेअरबाय. यांचा बेडकाशी काडीचा संबंध नसतो, पण रसायनात जा, अर्थशास्त्रात जा, हे आधीच जागा धरून बसलेले. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड नावाच्या बाईंनी २००० साली नेमकी यांचीच यादी केली. अभ्यासाचा साधारण ३५ लाख शब्दांचा मजकूर चाळून त्यांनी शब्दांची ५७० कुटुंबं निवडली. कुटुंबं म्हणजे अ‍ॅनलाइज आला की मागोमाग अ‍ॅनलिसिस, अ‍ॅनलिस्ट, अ‍ॅनलिटिकल आणि त्यांची पोरंबाळं. पत्रिकेवर ‘सहकुटुंब’ लिहिलं की प्रत्यक्षात किती पानं मांडावी लागतात हे मी गावात पाहिलेलं आहे, त्यामुळे ५७० हा आकडा ऐकूनच माझा घसा कोरडा पडला. शिवाय मायकेल वेस्ट यांच्या १९५३च्या यादीतले सुमारे २००० नेहमीचे शब्द तुम्हाला येतातच, असं बाईंनी धरलेलं आहे. धरणाऱ्याचं काय जातं!

सरांकडे एकच सल्ला होता: “शब्द अडला तर थांबू नका, संदर्भावरून अर्थ ओळखा.” ऐकायला झकास. पुढे कळलं की या विषयातल्या जाणकारांच्या मते हे जमायला शंभरातले ९८ शब्द आधीच माहीत असावे लागतात. माझ्या पानावर परिस्थिती अशी की ओळखीचे शब्दच संदर्भ शोधत हिंडत होते.

मग मित्राने युक्ती दिली. इंग्रजी शब्दाच्या उच्चाराशी जुळणारा आपला शब्द पकडायचा आणि दोघांचं मिळून डोक्यात चित्र काढायचं. मोरोज म्हणजे रोज तोंड पाडून बसणारा. गॅरुलस म्हणजे बडबड्या, तर गाऱ्हाणी सांगत बसलेले शेजारचे आप्पा डोळ्यांसमोर आणायचे. पद्धत खरंच चालते, जरा जास्तच चालते. परीक्षेत गॅरुलस दिसला आणि आप्पा आले. एकदा आले की आप्पा लवकर उठत नाहीत. नळाचं पाणी, ग्रामपंचायत, धाकट्या भावाने दाबलेला बांध, सगळं ऐकून होईस्तोवर पर्यवेक्षक पेपर ओढायला उभे.

घरभर चिठ्ठ्या लावायचाही प्रकार असतो. मी माठावर ‘पोरस’ लावला. तो दुपारपर्यंत भिजून माठाच्या अंगाला लागला. कुलरवर ‘इव्हॅपोरेशन’ लावलं, पण मे महिन्यात आमच्याकडे वीज गेली की कुलरच्या नावाने जे शब्द निघतात ते कुठल्याच यादीत नाहीत. आजीने चष्मा वर करून विचारलं, “हाई काय लाई ठेयेल शे रे भिताडले?” अभ्यास आहे म्हटल्यावर तिने विद्यापीठाचं नाव विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, कवयित्री बहिणाबाई चौधरी. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, एवढंच आजी म्हणाली आणि भिंत पुसायला घेतली. ज्याने कुणी २०१८ साली विद्यापीठाला ते नाव दिलं, त्याने माझ्या आजीचा विचार केला नव्हता.

एबिंगहाउस नावाचा एक जर्मन मात्र मला फार जवळचा वाटतो. त्याने बिनअर्थाची अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि विसरण्याचा वेग १८८५ साली छापला. तासाभरात निम्म्याहून जास्त साफ. आधीचं ज्ञान मध्ये येऊ नये म्हणून त्याला मुद्दाम बिनअर्थाची अक्षरं जुळवावी लागली होती. माझी ती सोय पाठ्यपुस्तकानेच केलेली.

त्यावर तोड लाइटनर नावाच्या दुसऱ्या एकाची. कार्डं करायची, पाच कप्पे करायचे. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पुढचा कप्पा जास्त दिवसांनी उघडायचा, म्हणजे विसरायच्या बेतात असताना उजळणी होते. मी मिठाईचे पाच खोके मांडले. काही दिवसांत पहिल्या खोक्याचं झाकण बसेना आणि पाचव्यात आईने काळ्या मसाल्याचं दगडफूल भरलं. “रिकामाच तर होता,” ती म्हणाली. यावर काय बोलणार? त्यात वैशाखातली लग्नं. वरण-बट्टी वर तूप घेऊन खाल्ल्यानंतर माणसाला मातृभाषासुद्धा नीट बोलता येत नाही. इंग्रजीची उजळणी कुठली करता!

शेवटी कार्डं घेऊन मी गाडीत बसलो. अमळनेर-जळगाव अप-डाऊन करणाऱ्यांना सुरत-भुसावळ पॅसेंजरचं वेगळं सांगायला नको. समोर चार पासहोल्डर, मांडीवर ब्रीफकेस आडवी, मेंढीकोट जोरात. मी खिशातून गठ्ठा काढला आणि एका काकांनी तो सहज घेतला, पिसला, वाटलासुद्धा. मग पानं उलटून पाहिली.

“हाई कोनती जोड शे रे?”

मी समजावलं. त्यांना नियम बसवायला धरणगाव स्टेशनही लागलं नाही: हात गेला की एक कार्ड उचलायचं, अर्थ सांगायचा, नाही आला तर सगळ्यांचा चहा. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवायला लावलं की जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखवलंय. पण त्यांच्या विद्यार्थ्यांना डोक्यावर उभे असलेले पंधरा लोक “सांग ना भो, सांग!” म्हणून ओरडत नव्हते. ‘नॉटविथस्टँडिंग’ निघालं तेव्हा त्या पंधरांना तो आपला अपमान वाटला. “उभं राहू देत नाहीत तोच ना?” अशी दारातून विचारणा झाली. ‘तरीसुद्धा’ हा खरा अर्थ मी सांगितला, पण तो बहुमताने फेटाळला गेला.

आता अडचण वेगळीच आहे. काकांना माझ्यापेक्षा जास्त शब्द येतात. साहेबांचं कालचं पत्र अँबिग्युअस होतं, असं त्यांनी साहेबांनाच ऐकवलं आणि पुरावा म्हणून माझं कार्ड टेबलावर ठेवून आले. ते परत आणायला ते रिलक्टंट आहेत. हा शब्दही त्यांचाच. पाळधी सुटली की ते मोबाइल खिशात घालतात, माझ्या गठ्ठ्याची जाडी बोटांनी अजमावतात आणि दुसऱ्या दिवसाची ऑर्डर देतात:

“सकाय जरा जड आनजो रे. आज काय मजा नही उनी.”