'एकदा चटका बसू द्या' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात ऑफिसातून घरी आले तर लेकीच्या बोटाचं टोक लाल झालेलं. ती १४ महिन्यांची आहे. आईला विचारलं, तर तिने काही न लपवता सांगितलं: चहाच्या पेल्याकडे सारखी झेपावत होती, म्हणून बोट जरासं पेल्याला टेकवलं. "अगं, त्या मेसेजमध्ये तसंच करायला सांगितलंय."

माझी आई नातीवर जीव ओवाळून टाकते. तिच्या हातून हे करवून घेतलं ते फोनवर फिरणाऱ्या पाच वाक्यांनी. हा मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवरही आला. मुद्दे असे: १) वर्षाच्या बाळाला 'नाही' पूर्ण कळतं, तरी केलं तर तो हट्ट. २) एकदा चटका बसू द्या, जन्मात विसरणार नाही. ३) 'नाही' म्हणताना हसू नका. ४) रडून गोंधळ घातला तर दोन मिनिटं बाथरूममध्ये ठेवा. ५) आमची पिढी मार खाऊनच सरळ झाली.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण त्याने माझ्या घरात इजा झाली आहे. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाचीसुद्धा कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजते. लहान मुलांची कातडी पातळ, त्यांना त्याहून कमी वेळ पुरतो. नुकताच गाळलेला चहा ६० अंशांच्या बराच वर असतो आणि स्टीलचा पेला ती धग लगेच बाहेर देतो. 'जरासं' म्हणजे नेमकं किती, हे कोण मोजणार? मूल दचकून हात झटकतं, पेला कलंडतो आणि चहा छातीवर सांडतो. मग बोटाचा विषयच राहत नाही.

बरं, एवढं करून मूल शिकतं काय? तोच पेला दुपारी गार असतो, त्यातूनच तिला पाणी पाजतात. इस्त्री पेल्यासारखी दिसत नाही, तवा दिसत नाही, निरांजन दिसत नाही. एका चटक्यावरून या सगळ्यांचा अर्थ लावणं १४ महिन्यांच्या जिवाला जमत नाही. तिला कळतं ते एवढंच, की आजीने हात धरला आणि दुखलं. आणि चुकून भाजलंच, तर भाग २० मिनिटं नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यातलं काहीही लावू नका. फोड आला किंवा भाजलेला भाग मोठा असला तर थेट डॉक्टर.

आता पहिला मुद्दा. चटका देणं योग्य वाटतं ते 'तिला सगळं कळतंय' या समजुतीमुळे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या, मुलांच्या वाढीचे टप्पे सांगणाऱ्या यादीत वर्षाच्या मुलाकडून अपेक्षा फक्त इतकी आहे, की 'नाही' म्हटल्यावर ते क्षणभर थबकतं किंवा थांबतं. क्षणभर! शब्द कळणं वेगळं आणि मनातली ओढ आवरणं वेगळं. लहान मुलांसाठी काम करणाऱ्या 'झीरो टू थ्री' या अमेरिकी संस्थेने २०१६ मध्ये पालकांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यात ५६ टक्के पालकांना वाटत होतं, की तीन वर्षांच्या आतलं मूल मनाई केलेल्या गोष्टीपासून स्वतःला रोखू शकतं. प्रत्यक्षात ही क्षमता साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास यायला लागते. म्हणजे मोठी माणसं बरीच आधी अपेक्षा धरून बसतात आणि ती पुरी झाली नाही की मुलाला हट्टी ठरवतात.

"बघ, माझ्याकडे बघून मुद्दाम करते," हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. ती हात पुढे करते, थांबते, आपल्या तोंडाकडे बघते. ते बघणं म्हणजे विचारणं असतं: हेच का ते, आजही नको का? त्या क्षणी तिला उत्तर हवं असतं, आणि आपण तिच्यावर उद्धटपणाचा शिक्का मारतो.

तिसरा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढा मान्य करते. हसत हसत 'नको' म्हटलं तर मुलाला तो खेळ वाटतो. पण आमच्या घरातली खरी अडचण हसण्याची नव्हतीच. आई 'अंहं' म्हणायची, बाबा 'नो नो', मी 'हात लावू नको'. त्यातही मराठीत 'नको' शेवटी येतो, तोवर तिचा हात पोचलेला असतो. आता सगळेच आधी 'थांब' म्हणतो, मग 'गरम'. हात हळूच मागे घेतो आणि दुसरं काहीतरी हातात देतो. ती थबकली की लगेच शाबासकी.

चौथा मुद्दा लिहिणाऱ्याने आपल्याकडचं बाथरूम पाहिलंय का? तिथे भरलेली बादली असते. रांगतं-चालतं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. दोन मिनिटं फार झाली. हे वाक्य तरी आजच्या आज पुसा.

पाचव्यासाठी फार वेळ नाही. गर्शॉफ आणि ग्रोगन-केलर या संशोधकांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यास, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार मुलांची माहिती, एकत्र तपासली. तपासलेल्या १७ पैकी १३ बाबींत चापट मारण्याचा संबंध वाईट परिणामांशी निघाला: वाढलेला आक्रमकपणा, मानसिक त्रास, आईवडिलांशी बिघडलेलं नातं.

हे सगळं आईला शेजारी बसवून वाचून दाखवलं. ती बराच वेळ लेकीचं बोट हातात घेऊन बसली होती. काल चहाच्या वेळी लेक पुन्हा पेल्याकडे आली. आई "थांब" म्हणाली. ती थांबली, आईकडे बघितलं आणि हात पुढे केलाच. आईने पेला उचलून ओट्यावर आत सरकवला आणि तिच्या हातात रिकामी वाटी दिली.